स्टडीला जाताना वारस म्हणून आईचं नाव लिहिता, मग तिला सांगत का नाही?

तापीकाठ (चोपडा)
आपल्याकडची काही पोरं अहमदाबादकडे ‘स्टडी’ला जातात. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: निरोगी माणसाला गोळी देतात, ठरलेल्या वेळी रक्त घेतात आणि औषध रक्तात किती चढलं, किती वेळात उतरलं ते मोजतात. नव्या कंपनीची गोळी मूळ गोळीसारखीच काम करते का, हे बऱ्याचदा असंच ठरतं. बदल्यात पैसे मिळतात. हे सगळं कायदेशीर आहे, 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत बसतं. त्यावर बंदी आणा असं मी म्हणत नाही.

माझा एक माजी विद्यार्थी अखाजीला घरी आला. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला निळे-काळे डाग. आईला वाटलं पोरगं नशेला लागलं, तिने मला बोलावून घेतलं. पोराने बॅगेच्या तळातून घडी केलेला संमतीचा फॉर्म काढला. त्यात एक रकाना असतो, नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं. तिथे आईचं नाव होतं. बाई सातवी शिकलेली आहे. स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाली, “मास्तर, माझं नाव यात कशासाठी?” पोराला काही झालं तर भरपाई तुझ्या हाती यावी म्हणून, हे मला तिला तोंडाने सांगावं लागलं. घरी मात्र तो “सुरतला कामावर आहे” असं सांगून गेला होता.

सही करण्याआधी कागद घरी यावा, जिचं नाव लिहायचं तिला वाचून दाखवावा आणि त्याची एक प्रत घरात राहावी, असं माझं ठाम मत आहे. माहितीपत्रक आणि सही झालेल्या फॉर्मची प्रत सहभागी माणसाला देणं नियमानेच बंधनकारक आहे. तुम्हाला काय वाटतं?

गिरणाथडी (भडगाव)
सर, मूळ दुखणं सोडून तुम्ही कागदावर बोलताय. पोटासाठी जो रक्त देतो तो ‘स्वेच्छेने’ देतो, हे मला म्हणवत नाही. कपाशीचा खर्च निघत नाही, केळीचा भाव व्यापारी ठरवणार, शिकलेल्या पोराला सालदारकी नको आणि नोकरी मिळत नाही. त्याच्यासमोर कोणी एकरकमी पैसे धरले तर तो काय नाही म्हणणार? आणि आईला वाचून दाखवून काय होणार? घर तेच, कर्ज तेच. तीही हो म्हणेल, आणि मग तुम्ही म्हणाल की आता तर आईचीही संमती आहे.

धोका खोटा नाही. मार्च 2006 मध्ये लंडनला टीजीएन-1412 नावाचं औषध सहा निरोगी तरुणांना दिलं. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात, एकेक अवयव निकामी व्हायला लागला. जानेवारी 2016 मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात अशाच चाचणीत एकाचा जीव गेला. सगळे धडधाकट होते. हा पैशाचा व्यवहार बंदच व्हायला हवा.

औषधवाला (शिरपूर)
भाऊ, लंडन आणि रेन एका तागडीत, आपल्या पोरांच्या स्टडी त्याच तागडीत, असं करू नका. ती माणसाला पहिल्यांदाच दिलेली नवी औषधं होती. आपल्याकडून जाणारी पोरं बहुतेक जैवसमतुल्यता अभ्यासात, म्हणजे नव्या कंपनीची गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात चढते का ते बघणाऱ्या अभ्यासात असतात. त्यातलं औषध आधीच बाजारात असतं, त्याचे दुष्परिणाम माहीत असतात. धोका शून्य नसतो, पण जात वेगळी.

आणि हे अभ्यास बंद केले तर भोगणार कोण? तुमची-माझीच माणसं. मी दुकानात रोज बघतो, फिट येणाऱ्या रुग्णाची गोळी एका कंपनीची संपली की दुसरीची द्यावी लागते. ती रक्तात कमी चढली तर माणूस रस्त्यात पडेल. मूळ औषध आणि नव्या कंपनीचं औषध यांच्या रक्तातल्या पातळीचं गुणोत्तर सर्वसाधारणपणे 80 ते 125 टक्क्यांच्या मर्यादेत बसावं लागतं, आणि हे निरोगी माणसात मोजतात कारण आजाराचा गोंधळ मध्ये नको. जी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांच्या पोटातून घ्यायच्या गोळ्यांसाठी आपल्याकडे 2017 पासून ही तपासणी सक्तीची आहे. माझ्या मते ती आधीच व्हायला हवी होती. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञाने 10 जानेवारी 1897 ला मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली. कोणाला तरी पहिलं व्हावंच लागतं.

गिरणाथडी (भडगाव)
हाफकिनने पैसे घेतले नव्हते, दादा. आणि त्या कुपीत काय आहे हे जगात सगळ्यात जास्त त्यालाच माहीत होतं. आपल्या पोराला फॉर्मच्या चौथ्या पानावर काय लिहिलंय ते तरी माहीत असतं का?

जंक्शनवाला (भुसावळ)
माझ्यासारख्या पोरांबद्दल बोलताय म्हणून लिहितो. मी गेलोय. आदल्या रात्री लवकर जेवण, मग दहा तास उपास. सकाळी हातात कॅन्युला, म्हणजे रक्त घ्यायला शिरेत बसवलेली नळी. गोळी 240 मिली पाण्याबरोबर, ती गिळल्यावर जीभ वर करायला लावून टॉर्चने तोंड तपासतात, कोणी गालात दाबून ठेवू नये म्हणून. मग घड्याळ सुरू. सुरुवातीला थोड्या थोड्या मिनिटांनी सॅम्पल, नंतर अंतर वाढत जातं. प्रत्येकाला नंबर असतो, जेवण सगळ्यांना सारखं. काही अभ्यासांत लोणी-तेलाने भरलेली न्याहारी अर्ध्या तासात संपवावी लागते, नको झालं तरी. मग घरी सोडतात, पहिलं औषध अंगातून पूर्ण निघून जाईपर्यंत थांबायचं, आणि परत जाऊन दुसरी गोळी. त्या पैशांतून मी बहिणीची नर्सिंगची फी भरली. त्याची मला लाज नाही.

मी 18 पूर्ण आहे. मतदानाला आई लागत नाही, मग याला का? बँकेत खातं उघडतानाही नॉमिनी लिहितोच. तुम्ही मोठी माणसं कळवळ्याने बोलता, पण शेवटी आमचा निर्णय आमच्याकडे ठेवत नाही.

खरा घोळ दुसरीकडे आहे. दोन स्टडींमध्ये बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांचं अंतर मागतात. पोरं तिकडे नेणारा एजंट म्हणतो, “मागची सांगू नको, इथे कोणाला कळणार?” पोरं एका ठिकाणाहून सुटून दुसरीकडे उभी राहतात. अंगात आधीचं औषध, रक्त कमी झालेलं. यात पोराचंही नुकसान आणि अभ्यासाचा निकालही खोटा. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये अशा स्वयंसेवकांची देशभराची एकच नोंद असते. इथे तशी नोंद मागा. आईची सही मागू नका.

तापीकाठ (चोपडा)
नोंदीचं तुझं शंभर टक्के पटलं. पण मी आईची परवानगी मागितलेली नाही, तिला माहिती असावी एवढंच म्हणतोय. तूच लिहिलंस की दोन गोळ्यांच्या मधे घरी सोडतात. त्या दिवसांत रात्री दोन वाजता घरी उलट्या सुरू झाल्या, अंगावर पुरळ उठलं, तू शुद्धीवर नाहीस. ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर विचारणार, काय औषध घेतलंय? आई सांगणार, काही नाही साहेब, सुरतहून आलाय. गंभीर त्रास कळला की संशोधक डॉक्टरने 24 तासांत वर कळवायचं असतं. त्यालाच कोणी कळवलं नाही तर तो काय कळवणार? बँकेचा नॉमिनी तू गेल्यानंतर कामाला येतो. ही नॉमिनी तू जिवंत असताना लागणार आहे.

मंगळग्रह रोड (अमळनेर)
वकिली करतो, म्हणून कायद्याचं बोलतो. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: 8 लाखांची मूळ रक्कम, त्यावर वयाचा आणि धोक्याचा गुणक. निरोगी माणसासाठी धोक्याचा गुणक 4, म्हणजे सगळ्यात वरचा. विशीतल्या पोराचा आकडा 70 लाखांच्या आसपास जातो. हे ज्या बाईला मिळायचं तिला अभ्यासाचं नावही माहीत नसेल तर ती कोणाच्या दारात जाणार?

आणखी एक. दुर्बळ गटातल्या माणसाची संमती घेताना व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं आहे, पण ते नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या चाचणीत. जुन्या औषधाच्या जैवसमतुल्यतेला ती सक्ती लागू नाही, आणि आपली पोरं तिथेच जातात. तिथेही ती आणावी असं माझं स्पष्ट मत आहे.

झुळझुळ (साक्री)
तुमनं बठ्ठं खरं शे भाऊ, पन पोऱ्याले पैसा लागस तवय कोन देस?

सातपुड्याची ताई (धडगाव)
मी आशा आहे. मास्तर, कागद घरी आणून वाचणार कोण? आमच्या पाड्यांवर घरात पावरी बोलतात, मराठी फॉर्म आणि इंग्रजी फॉर्म आईला सारखेच. वाचता न येणाऱ्यासाठी सहीच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार लागतो, पण तो तिकडे शहरात मिळतो, इथे घरी नाही.

आणि ‘निरोगी’ म्हणजे काय, हेही विचारा. आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. वाहक पोरगा दिसायला ठणठणीत असतो, हिमोग्लोबिनही बऱ्याचदा ठीक येतं. काही जणांत जी-सिक्स-पीडी हे रक्तपेशी जपणारं द्रव्य कमी असतं, त्यांच्या रक्तपेशी प्रायमाक्विनसारख्या मलेरियाच्या औषधाने फुटतात. तपासणीच्या रांगेत पोराने स्वतःहून सांगितलं नाही तर तिथल्या डॉक्टरला सातपुडा कुठून कळणार? जाणार असाल तर सिकलसेलचं कार्ड बरोबर न्या आणि दाखवा. परत पाठवतील म्हणून लपवू नका.

घरी काय ठेवायचं ते मी सांगते: औषधाचं नाव, शेवटची गोळी घेतली ती तारीख आणि एक फोन नंबर. आई वाचू शकली नाही तरी डॉक्टरला चिठ्ठी दाखवू शकते.

जंक्शनवाला (भुसावळ)
ताई, हे मला मान्य. परवानगी नाही, चिठ्ठी. पुढच्या वेळी ठेवून जाईन.

गिरणाथडी (भडगाव)
‘पुढच्या वेळी’ हेच मला टोचतंय. चिठ्ठीमुळे पोरं जायची थांबणार नाहीत, उलट सगळ्यांचं मन हलकं होईल. माझा विरोध कायम आहे. आणि तो फोन एजंटनेच उचलला तर?

मंगळग्रह रोड (अमळनेर)
म्हणून एजंटचा नंबर घ्यायचाच नाही. माहितीपत्रकावर दोन संपर्क असावे लागतात: संशोधक डॉक्टरचा आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे सहभागी माणसाचे हक्क जपणाऱ्या समितीचा. दोन्ही उतरवून घ्या आणि निघण्याआधी घरूनच एकदा फोन लावून बघा.