भाचीच्या ॲपमधल्या चुका तिला कशा सांगू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीनं परभणीत बसून मराठवाड्यातल्या जुन्या मंदिरांचं मोबाइल ॲप बनवलंय. होट्टल, धारासूर, औंढा नागनाथ... माहिती तिनं स्वतः गावोगाव फिरून जमवली. लेकराचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

पण वापरताना अडतं. फिकट पिवळ्यावर करडी अक्षरं, उन्हात काहीच दिसत नाही. आणि मंदिर बघणारा माणूस उन्हातच उभा असतो ना! सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ सांगितलाय. ओळी इतक्या चिकटून, की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. नकाशाचं बटण अंगठ्याला सापडत नाही. फोटोही जड.

सगळं एकदम सांगितलं तर ती हिरमुसेल, नुसतं छान म्हटलं तर ॲप तसंच राहील. इथं कुणी डिझाइनचं काम करतं का? सुरुवात कुठून करू? मला वाटतं, तिच्या आजीच्या हाती फोन द्यावा, ‘धारासूरचा रस्ता शोधा’ एवढंच म्हणावं आणि भाचीनं गप्प बसून बघावं. जमेल का हे? देवनागरीसाठी ओळींमधलं अंतर किती ठेवता, तेही सांगा.