बिलकुल म्हटलं तरी बॉट बिल पाठवतो

सायीसकट:

मंडळी, नमस्कार. गाव सांगली जिल्ह्यातलं. चुलते दूध संस्थेचे सचिव आणि घरात मी 'कॉम्प्युटरवाला', त्यामुळे गेल्या दिवाळीत हे काम माझ्या गळ्यात पडलं: सभासदानं टेलिग्राम या मेसेजिंग ॲपवर विचारायचं आणि बॉटनं, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमनं, सांगायचं. सकाळच्या दुधाला फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती, दहा दिवसांचं बिल किती, त्यातून पेंडीचे आणि उचलीचे किती कापले. संकलनाच्या मशीनमधून रोज फाईल निघतेच, ती वाचायची आणि उत्तर द्यायचं. सुरुवातीला तीन कमांड होत्या. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक फंक्शन, आत इफ, एलिफ, एलिफ, म्हणजे 'हा शब्द असेल तर हे कर, नाहीतर तो असेल तर ते'. जेवून बसलो आणि संध्याकाळी धारेच्या आत चालू झालं.

आता कमांड एकोणीस झाल्यात. पेंडीची मागणी, डॉक्टरची पाळी, जनावरांच्या विम्याची नोंद, दरपत्रक, काय न् काय. फंक्शन चौदाशे ओळींचं आहे. एखादी ओळ हलवायची म्हटली की हात थरथरतो.

खरी गोष्ट पुढं आहे. टेलिग्राममध्ये तिरकी रेघ मारून जी कमांड देतात तिच्या नावात फक्त छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर चालतात. आमच्या आण्णा लोकांना ती रेघ कीबोर्डवर सापडत नाही, इंग्रजी तर लांबच. म्हणून मी नुसते मराठी शब्द घेतले: बिल, फॅट, उचल, दर. ग्रुपमध्ये चालावेत म्हणून बॉटफादरकडे (टेलिग्रामचा स्वतःचा बॉट, बाकीच्या बॉटांच्या सेटिंग त्याच्याकडे असतात) जाऊन प्रायव्हसी मोड बंद केला. म्हणजे ग्रुपमधला प्रत्येक मेसेज बॉटला दिसायला लागला. आणि कमांड ओळखायची कशी, तर स्टार्ट्सविथ 'बिल', म्हणजे मेसेज 'बिल' या अक्षरांनी सुरू होतो का एवढंच बघायचं.

परवा ग्रुपवर फॅटच्या मशीनवरून वाद पेटला. एका सभासदानं लिहिलं, 'बिलकुल पटत नाही.' बॉटनं तत्परतेनं त्याचं बिल टाकलं, दीडशे लोकांसमोर. लिटर, दर, रक्कम आणि खाली उचल कपात. ती उचल त्याच्या घरी कुणाला माहीत नव्हती. वहिनींनी तिथंच विचारलं, 'कसली उचल?' दुपारी चुलत्यांनी मला संस्थेत बोलावलं आणि चहा सांगितला नाही. यावरून काय ते समजा.

तर विचारायचं असं. पायथन-टेलिग्राम-बॉट ही तयार लायब्ररी मी वापरतोच, पण तिच्या कमांडहँडलरला (कमांड ओळखून काम सोपवणारा भाग) मराठी नाव दिलं की तो सरळ एरर देतो. मग कमांड सांभाळणारं फ्रेमवर्क, म्हणजे सगळ्या कमांडना सामाईक सांगाडा, स्वतः लिहावं का? लिहायचं तर कुठून सुरुवात करू? शिवाय पलीकडच्या गावच्या संस्थेला हेच व्हॉट्सॲपवर हवंय.

जुनाखांब:

बिलकुलला हसलो, राग मानू नकोस. तू म्हणतो, वयानं काका लागेन.

मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यात डायल-अपवरून आयआरसी (तेव्हाचं इंटरनेटवरचं गप्पांचं व्यासपीठ) खेळायचो. आमच्या चॅनलवर एगड्रॉप नावाचा बॉट होता. रॉबी पॉइंटर यांनी तो १९९३ मध्ये लिहिला. तुझ्या सगळ्या दुखण्याचं औषध त्यात एका ओळीत होतं. त्या ओळीला 'बाइंड' म्हणायचे आणि तिच्यात चार गोष्टी लिहाव्याच लागायच्या: कमांड कुठं चालेल, कुणाला चालेल, तिचा शब्द कोणता आणि तो आला की टीसीएल या भाषेतली कुठली प्रोसीजर पळवायची. चॅनलवर द्यायची कमांड 'पब' प्रकारची, बॉटच्या कानात सांगायची ती 'एमएसजी' प्रकारची. दोन्हीकडं हवी असेल तर दोन ओळी लिही. आणि 'पब' म्हणजे ओळीतला पहिला पूर्ण शब्द, उरलेलं सगळं त्या कमांडचं आर्ग्युमेंट, म्हणजे तिला पुरवायची माहिती. 'बिलकुल' तिथं 'बिल' होऊच शकला नसता.

तुझ्या कोडमध्ये 'कुठं' आणि 'कुणाला' हे प्रश्न एकोणीस फांद्यांत विखुरलेत. सतरा ठिकाणी विचारलेस, दोन ठिकाणी विसरलास. कधी ना कधी विसरणारच होतास.

तेव्हा हो, लिही, पण लहान लिही. एक तक्ता कर. प्रत्येक कमांडची एक नोंद, साधारण अशी:

शब्द: उचल, ॲडव्हान्स
कुठं: फक्त खाजगीत
कुणाला: सभासद (स्वतःपुरतं)
काय लागतं: महिना, नाही दिला तर चालू महिना
काम: उचलीचा हिशोब

पायथनमध्ये हे डेकोरेटरनं छान जमतं, म्हणजे नोंद त्या फंक्शनच्या डोक्यावरच बसते. मग इंजिन एकच. मेसेज आला, स्वच्छ केला, पहिला शब्द तोडला, डिक्शनरीत (तक्त्यातल्या शब्दांच्या यादीत) शोधला, जागा तपासली, माणूस तपासला, आर्ग्युमेंट वाचले, काम करून घेतलं. तपासण्या इंजिनात असल्यावर कामाच्या फंक्शनला त्या विसरायची सोयच राहत नाही.

दोन बाबतीत मी हट्टी आहे. एक, 'कुठं' आणि 'कुणाला' या रकान्यांना आपोआप भरली जाणारी किंमत ठेवू नकोस. रिकामे राहिले तर बॉट सुरूच होता कामा नये. तसंच एक शब्द दोन नोंदींत आला तरी. चूक पहाटे तुझ्यासमोर फुटू दे, ग्रुपवर नको. दोन, कामाच्या फंक्शनला टेलिग्राम हा शब्दसुद्धा माहीत नसावा. त्याला सभासदाचा कोड नंबर आणि महिना द्यायचा, त्यानं उत्तर परत करायचं. मग व्हॉट्सॲपसाठी फक्त पुढचा दरवाजा नवा करावा लागेल. तिथं उत्तराखाली बटणं तीनच देता येतात, त्याहून जास्त पर्याय असतील तर यादी, आणि तीही दहा ओळींची. त्या कटकटी दरवाजापाशीच मिटव, हिशोबात शिरू देऊ नकोस.

अनोळखी शब्द ग्रुपवर आला तर गप्प बसायचं. खाजगीत आला तर 'हे समजलं नाही, यातलं काही हवंय का?' म्हणून दोन-तीन शब्द सुचवायचे. आणि प्लगइन (वरून जोडायचे तुकडे), हॉट रिलोड (बॉट चालू असतानाच कोड बदलणं) असल्या भानगडींच्या नादी लागू नकोस. मी लागलो होतो. तीन महिने घालवले, आणि बॉटला कमांड होत्या सहा.

ऱ्हस्वदीर्घ:

काकांच्या 'मेसेज स्वच्छ केला' या तीन शब्दांत मराठी बॉटवाल्याचे दोन रविवार जातात. तेवढ्यावरच लिहितो.

'बिलकुल'वर उपाय म्हणून तुम्ही रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) शब्दसीमा, म्हणजे 'शब्द इथं संपतो' ही खूण, टाकायला जाल. नका टाकू. पायथनचं मूळचं रेजेक्स काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना शब्दाचा भागच मानत नाही. त्याच्या लेखी 'फॅट' म्हणजे 'फ' आणि 'ट' असे दोन शब्द. त्यामुळे शब्दसीमा लावलीत तर 'बिलकुल' सुटेल, पण 'बिलाचं काय झालं' यात 'ल'नंतर काना आला की त्याला वाटेल शब्द संपला, आणि ग्रुपवर पुन्हा बिल. मोकळ्या जागेवर साधं स्प्लिट करा, म्हणजे मेसेजचे तुकडे पाडा, कडेची विरामचिन्हं काढा, पूर्ण शब्द जुळवा.

मग एकसारखी दिसणारी पण आतून वेगळी अक्षरं. 'ॲडव्हान्स'मधला ॲ कुणाच्या कीबोर्डवर एकच अक्षर असतो (ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, २००८ साली आलं), कुणी अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे टाइप करतो, कुणी हिंदी कीबोर्डवरचा ऍ दाबतो. विम्याच्या नोंदीत 'गोऱ्हा' असेलच. त्यातला अर्धा र ऱ पासून बनवता येतो आणि साध्या र ला हलन्त देऊन पुढं न दिसणारा जोडक लावूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. युनिकोडचं ठरलेलं एनएफसी नॉर्मलायझेशन (सारख्या अक्षरांना एकाच रूपात आणायची पद्धत) यातलं काहीच एक करत नाही. स्वतःची बदल-यादी ठेवावी लागते. माझी अकरा ओळींची आहे. ती कमांडच्या नावांनाही लावा, फक्त येणाऱ्या मेसेजला नको, नाहीतर तक्त्यातला तुमचाच शब्द तुम्हाला सापडणार नाही.

एक आनंदाची बातमी: पायथनचा इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) 'पेंड १२' यातले देवनागरी १२ निमूट वाचतो. जावास्क्रिप्ट या भाषेत हेच नंबर करायला गेलात तर नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'.

आणि बटणं लावणार असाल तर टेलिग्राममध्ये बटणामागं लपलेल्या मजकुराला ६४ बाइट्सची मर्यादा आहे. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट्स खातं. 'मागच्या दहा दिवसांचं बिल' मोजलं, ६६ भरलं. बटणावर मराठी लिहा, मागं छोटा कोड ठेवा.

तीनसेकंद:

मी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर बॉट लिहिणारा, दुधातलं काही कळत नाही. पण गंमत म्हणून सांगतो, डिस्कॉर्डच्या स्लॅश कमांडला (तीच तिरकी रेघवाली) देवनागरी नाव देता येतं. नावाच्या नियमात त्यांनी देवनागरी आणि थाई या लिप्या वेगळ्या लिहिल्यात, कारण नुसतं 'अक्षर' म्हटलं की वरच्यांनी सांगितलेल्या मात्राच बाहेर पडतात.

तिथून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे आर्ग्युमेंटचा प्रकार आधीच जाहीर करणं. हा पूर्णांक, हा सभासद, हा या चारांपैकी एक. काकांच्या 'काय लागतं' रकान्यात प्रकारही लिहा आणि चुकीचं आलं तर इंजिननंच विचारावं, 'किती पोती?' दुसरं, डिस्कॉर्ड तीन सेकंदांत पहिलं उत्तर मागतं. जमणार नसेल तर 'थांबा, बघतो' एवढं कळवायचं, मग पुढची १५ मिनिटं आपली. टेलिग्रामवर तशी सक्ती नाही, पण महिन्याची फाईल चाळायला वेळ लागत असेल तर हेच करा. माणसं उत्तर आलं नाही की तीच कमांड चार वेळा पाठवतात.

सायीसकट:

सगळ्यांचे आभार. दोन रविवार नाही, तीन गेले.

तक्ता झाला. एकोणीस नोंदी लिहिताना कळलं की 'कुठं' या रकान्यात सोळा ठिकाणी 'फक्त खाजगीत' येतंय. ग्रुपवर चालण्यासारखं फक्त दर, डॉक्टरची पाळी आणि मदत. मग प्रायव्हसी मोड पुन्हा चालू करून टाकला. ग्रुपमध्ये आता त्या तिघांना रेघवाली इंग्रजी नावंच ठेवली, बाकी सगळं खाजगीत, मराठीत. 'मदत'चा मजकूर तक्त्यातूनच तयार होतो आणि विचारणाऱ्याला ज्या कमांड चालतात तेवढ्याच दिसतात. चुलत्यांना ही गोष्ट सगळ्यात आवडली.

काका, एक भर घालतो, तुमच्या काळात लाईट जात नसणार. बॉट संस्थेतल्या जुन्या लॅपटॉपवर चालतो, बॅटरी मेलेली. टेलिग्राम न उचललेले मेसेज २४ तास धरून ठेवतं आणि आपण पुढचा क्रमांक मागितला की मागचे पोचले असं समजतं. एका दुपारी 'पेंड २' ची नोंद झाली आणि पुढचा क्रमांक मागायच्या आत लाईट गेली. आल्यावर तोच मेसेज पुन्हा आला, दोन पोत्यांची चार झाली. टेम्पोवाल्यानं चारही उतरवली. आता अपडेटचा (आलेल्या मेसेजचा) क्रमांक पेंडीच्या नोंदीबरोबर एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये लिहितो, म्हणजे दोन्ही लिहिले जातात किंवा एकही नाही. क्रमांक आधीच असेल तर इंजिन शब्द तोडायच्या आधीच मेसेज सोडून देतं.

एक प्रश्न मात्र राहिलाय. त्या वहिनी काल संस्थेत आल्या होत्या. खातं नवऱ्याच्या नावावर, धार त्या काढतात, दूध घालायला त्याच येतात, आणि 'उचल' ही कमांड त्यांच्याही मोबाइलवर चालली पाहिजे म्हणतात. 'कुणाला' या रकान्यात काय लिहू?