नाचणी पुरेशी, पण ऊन कुठे आहे?

रोज नाचणीची आंबील घेतली की कॅल्शियमची काळजी मिटली, हे मत मला अर्धेच पटते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे खरे, परंतु त्यातील काही भाग धान्यातलेच फायटेट नावाचे द्रव्य बांधून ठेवते, म्हणून मोड आणून दळलेली नाचणी बरी. शिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि ते मुख्यतः उन्हामुळे त्वचेत तयार होऊन पुढे यकृत व मूत्रपिंडात क्रियाशील होते.

निपाणीची माझी मावशी दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असे; ऊन उंबऱ्यापर्यंत येई, ती मात्र आतच. ड जीवनसत्त्व कमी पडले की गळ्यातील परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथीचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातील पातळी सांभाळते, त्यामुळे रक्तातील कॅल्शियम ठीक दिसूनही हाडे झिजत राहू शकतात.

कॅल्शियमखेरीज प्रथिनांविषयी एवढेच, की प्रौढांना रोज वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला सुमारे 41.5 ग्रॅम लागतात. नुसत्या भाकरी-खर्ड्यावर (कितीही चविष्ट असला तरी) ती भरत नाहीत, जोडीला झुणका, उसळ किंवा ताक हवेच.