छोटी लिंक उघडण्याआधी तुम्ही काय बघता? (अनुभव धागा)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत कर्नाटक-महाराष्ट्र दोन्ही राज्यांच्या योजनांचे मेसेज फिरतात. सकाळी गृहलक्ष्मीचे २००० रुपये, संध्याकाळी लाडकी बहीणची केवायसी. लिंक बहुतेक वेळा छोटी केलेली, कुठं नेणार ते कळत नाही. कोण कसं तपासतं ते नेमकं लिहा. 'सावध राहा' सगळ्यांना पाठ आहे.

टिळकवाडी
लिंकवर टिचकी न मारता बोट टेकवून धरायचं आणि कॉपी करायचं. ब्राउझरच्या पट्टीत चिकटवायचं, पण एंटर लगेच नाही. बिट.ली (लिंक छोटी करून देणारी सेवा) असेल तर शेवटी + जोडा. मग मूळ पानाऐवजी बिटलीचंच पान उघडतं आणि खरा पत्ता दाखवतं. टायनीयूआरएलला सुरुवातीला 'प्रिव्ह्यू.' लावायचं, म्हणजे 'प्रिव्ह्यू.टायनीयूआरएल.कॉम' आणि पुढं तोच कोड. इझ.जीडीला शेवटी आडवी रेघ (-). कोडनंतर प्रश्नचिन्ह आणि शेपूट असेल तर आधी ते उडवा, नाहीतर + चुकीच्या जागी बसतो. मधे स्पेस राहिली तर ब्राउझर पत्ता उघडायचं सोडून शोधायला लागतो.

निपाणीकर
+ ने फक्त पुढचा एकच टप्पा कळतो. फसवणारे बिट.लीच्या मागं दुसरी छोटी लिंक, तिच्यामागं तिसरी, अशी साखळी लावतात. लॅपटॉप असेल तर विंडोज १० किंवा ११ मध्ये कर्ल (ब्राउझरशिवाय लिंकला विचारून सर्व्हरचं उत्तर दाखवणारी आज्ञा) आधीपासून असतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा (जुन्या पॉवरशेलमध्ये याच नावानं वेगळंच काहीतरी चालतं), 'कर्ल' लिहा, स्पेस, आडवी रेघ, तिला चिकटून कॅपिटल आय आणि कॅपिटल एल, पुन्हा स्पेस, आणि दुहेरी अवतरणात लिंक. ३०१ किंवा ३०२ (म्हणजे लिंक पुढं वळवतेय) दिसलं की खाली 'लोकेशन' ची ओळ शोधा, तो पुढचा मुक्काम. शेवटी २०० आलं की साखळी संपली. ४०५ आलं तर सर्व्हरला असं नुसतं डोकावणं चालत नाही, एवढाच अर्थ. जावास्क्रिप्टनं वळवलेलं पान मात्र यात सापडत नाही.

शहापूर
वरच्याला पुस्ती. काही लिंका मोबाईलवरून आलेल्यालाच एपीके (अँड्रॉइड अ‍ॅप बसवायच्या) फाईलकडं नेतात आणि तपासणाऱ्या साइटला गुगल दाखवतात. शिवाय लिंक बनवणारा नंतर तिचा मुक्काम बदलू शकतो, त्यामुळं काल तपासलेली लिंक आज तपासलेली धरू नये. व्हायरसटोटल, यूआरएलस्कॅन या लिंक तपासणाऱ्या साइट चांगल्याच, पण तिथं टाकलेली लिंक इतरांनाही दिसू शकते. पासवर्ड बदलायची किंवा स्वतःच्या अर्जाची लिंक तिथं कधीच टाकू नका.

अथणी
पत्ता उलगडला तरी वाचता यायला हवा. 'एचटीटीपीएस' नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढची पहिली एकटी रेघ शोधा आणि तिथून उजवीकडून डावीकडं वाचा. 'सेवासिंधु.कर्नाटक.गव्ह.इन' सरकारी. 'सेवासिंधु.कर्नाटक.गव्ह.इन.अबक.टॉप' हे अबक.टॉपचं, डावीकडं विधानसौध लिहिलं तरी. कुलपाचं चिन्ह बघून हुरळू नका, ते चोरालाही फुकट मिळतं. बँकांना रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक.इन' वर जायला सांगितलं होतं, तेव्हा बँकेचा पत्ता शेवटी तसा आहे का तेही बघा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंकखाली येणारं चित्र आणि मथळा पुरावा नाहीत. पान बनवणारा तिथं हवं ते लिहितो.

संकेश्वर
गाडीच्या चलनाचा मेसेज आला आणि लिंकनं '.एपीके' उतरवायला घेतलं, तर तिथंच थांबा. चलन 'ईचलन.परिवहन.गव्ह.इन' वर गाडीचा नंबर टाकून बघता येतं, त्यासाठी कुठलंही अ‍ॅप लागत नाही. 

प्रश्न, खानापूर
मेसेज कन्नडात असला की आमच्याकडची मंडळी वाचायचा कंटाळा करून थेट लिंकच दाबतात. यावर काय?

टिळकवाडी
स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सला द्या, मराठी भाषांतर येतं. भाषांतर मोडकं असतं, पण 'आज रात्री वीज तोडणार' एवढं कळलं तरी पुरे, अशी घाई हीच खूण. बिल आधीच्या पावतीवरच्या ग्राहक क्रमांकानं, वीज कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाईप करून बघा, नाहीतर जवळच्या ग्रामवन (कर्नाटक सरकारच्या सेवांच्या) केंद्रात विचारा.

निपाणीकर
आणि दाबलीच असेल तर: नुसतं पान उघडलं, काही भरलं नाही, तर टॅब बंद करा. एपीके बसवलं असेल तर आधी विमान मोड, मग सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपचा 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' हक्क काढा, तो असेपर्यंत अ‍ॅप निघत नाही. पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून १९३० (सायबर फसवणुकीची देशभरची हेल्पलाइन) लावा. सिम कोल्हापूरचं असलं तरी नंबर तोच.