मदत हवी आहे: प्रॅग्मा एका फंक्शनसाठी लिहिला, तो तिघांना लागला

महापे_रात्रपाळी: पॅकेजमध्ये ‘रूपांतर’ या एकाच नावाची तीन फंक्शन्स आहेत, पहिले पूर्णांक घेते, दुसरे अपूर्णांक आणि तिसरे बाइट्सचा ॲरे. मला फक्त पहिले इनलाइन, म्हणजे कॉलच्या जागी थेट त्याचा मजकूर बसवलेले, हवे होते, परंतु प्रॅग्मा (कंपायलरसाठीची निर्देश-ओळ) लिहिल्यापासून ॲरेवाल्याचा मजकूरही ४० कॉलच्या जागी उतरला आहे आणि बायनरी बोर्डाच्या फ्लॅशमध्ये मावत नाही. प्रॅग्मात पॅरामीटरचा प्रकार लिहिला, तर कंपायलर चूक दाखवतो. उद्या सकाळी बिल्ड द्यायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

कोपरी_पूल: इनलाइन हा शब्द ज्या डिक्लरेशनला लावाल त्याच ओव्हरलोडला (एकाच नावाच्या फंक्शन्सपैकी त्या एकालाच) लागतो, त्यामुळे आपण म्हणता तसे होणारच नाही. मायक्रोसॉफ्टचा ‘अलॉक_टेक्स्ट’ प्रॅग्मा तर ओव्हरलोड केलेली फंक्शन्स स्वीकारतच नाही.

वाघबीळकर: साहेब, हे सी++ आहे असे धागाकर्त्याने कुठे म्हटले आहे? भाषा कोणती आणि प्रॅग्माची ओळ नेमकी कुठे आहे, हे आधी कळू द्या.

महापे_रात्रपाळी: ॲडा, सांगायचे राहिले. ग्राहकाच्या अटीमुळे ॲडा ९५ वरच राहावे लागते. ओळ पॅकेजच्या स्पेसिफिकेशनच्या (फंक्शन्स जाहीर करण्याच्या भागाच्या) शेवटी, ‘प्रायव्हेट’च्या वर आहे.

वाघबीळकर: मग घोळ त्या जागेचाच आहे. ॲडात हा प्रॅग्मा नावावर चालतो, त्यामुळे त्याच पॅकेजमध्ये त्या ओळीच्या आधी जाहीर झालेली त्या नावाची सगळी फंक्शन्स त्याच्या कक्षेत येतात. ओळ उचलून पहिल्या डिक्लरेशनच्या लगेच खाली, उरलेल्या दोघांच्या आधी ठेवा. ॲडा २०१२ असते, तर ‘विथ इनलाइन’ हा ॲस्पेक्ट थेट त्या एकालाच जोडता आला असता.

ऐरोली_खाडी: एकाच नावाची तीन फंक्शन्स ठेवणे हीच मूळ चूक आहे. आमच्याकडे ओव्हरलोडिंगला बंदी आहे आणि कोणाचे काही अडलेले नाही.

वाघबीळकर: ४० कॉल आज रात्री बदलायला तुम्ही महाप्याला जाणार आहात का?

कोपरी_पूल: तरीही इनलाइन ही कंपायलरला केलेली विनंती असते, आज्ञा नव्हे. ‘डब्ल्यू-इनलाइन’ ही सूचना चालू केल्यास त्याने नाकारलेले कॉल दिसतील.

महापे_रात्रपाळी: मला नाकारलेल्यांचा नव्हे, नको असताना स्वीकारलेल्यांचा त्रास होतो आहे. ओळ हलवली आणि बायनरी मावली, परंतु अपूर्णांकवाले आता इनलाइन होत नसल्याने वेळेची एक चाचणी नापास झाली. त्याचे डिक्लरेशन प्रॅग्माच्या वर आणू का?

वाघबीळकर: आणा. ॲरेवाले तेवढे खाली राहू द्या.