हॉट योगाच्या क्लासआधी काय तयारी करू? शनिवारच्या आत मदत हवी आहे

रेवती_टोरांटो: शनिवारी सकाळी ९ ला हॉट योगाचा, म्हणजे तापवलेल्या खोलीतल्या योगाचा, दुसरा क्लास आहे. पहिल्याला अर्ध्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली, बाहेर येऊन बसावं लागलं. दहा क्लासचे पैसे भरून झालेत. आधी काय खाऊ, किती पाणी पिऊ? कृपया 'नकोच जाऊस' असं सांगू नका.

माधवकाका: मी पुण्यात अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत शिकलो. पट्टा, खुर्ची, ठोकळे सगळं होतं, पण खोली कधी कुणी तापवली नाही. हे बिक्रम चौधरींनी अमेरिकेत रुजवलेलं. २६ क्रियांचा ठरलेला क्रम, दीड तास, तोही भट्टीत. शरीराला ऐकू येईल इतक्या सावकाश करायची गोष्ट आहे ही.

अश्विनी_एस: काका, तिने पाण्याचं विचारलंय. रेवती, तापमान किती असतं? क्लास किती वेळ? त्या दिवशी खाल्लं काय होतंस?

रेवती_टोरांटो: ४० अंश, ह्युमिडिटी ४० टक्के, ९० मिनिटं. बाहेर उणे १२ होतं. खाल्लं काही नव्हतं, अंगारकी होती ना. दोन कप चहा झाला होता.

अश्विनी_एस: अगं, हे आधी सांगायचंस!

सह्याद्री_भटका: मग उत्तर मिळालंच. उपास असेल तर जाऊ नकोस. एरवी निघण्यापूर्वी दोन लिटर पाणी पिऊन टाक आणि मीठ घातलेलं कोकम सरबत सोबत ने. मे महिन्यात हरिश्चंद्रगड चढताना मी हेच करतो. पंधरा वर्षांत कधी चक्कर नाही.

नंदिनी_नर्स: दोन लिटर एकदम अजिबात नको. थोड्या वेळात नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचं. आदल्या दिवसापासून नेहमीसारखं पीत राहा, क्लासच्या दोन-तीन तास आधी साधारण अर्धा लिटर, मग घोट घोट. खाणं दोन-अडीच तास आधी, हलकं: केळं, मऊ भात, पोहे. आणि भटका, डोंगरावर वारा असतो, घाम वाळतो, म्हणून अंग थंड होतं. त्या दमट बंद खोलीत घाम नुसता निथळतो, नीट वाळत नाही.

सह्याद्री_भटका: मे महिन्यात वारा? एकदा येऊन बघा. मिठाशिवाय घामाची भरपाई होत नाही, एवढंच म्हणतोय.

प्राची८४: मॅटवर टॉवेल अंथरायला विसरू नका, घामाने पाय घसरतो. माझं मनगट मुरगळलं होतं. कॉर्कची मॅट चांगली, लिंक हवी असेल तर विचारा.

समीर_क: याने वजन किती उतरतं?

नंदिनी_नर्स: समीर, तासाभरात काट्यावर जे उतरतं ते पाणी असतं. एक किलो कमी म्हणजे जवळपास एक लिटर घाम, तो भरून काढायचाच असतो. रेवती, रोजची काही औषधं?

रेवती_टोरांटो: बीपीची एक गोळी, तीन वर्षं झाली. त्याचा काय संबंध? मला शनिवारचं सांगा ना.

नंदिनी_नर्स: शनिवारचंच सांगतेय. खोक्यावरचं नाव बघ.

रेवती_टोरांटो: हायड्रोक्लोरोथायझाइड.

नंदिनी_नर्स: ही लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी गोळी. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी आणखी उतरतं, त्यात तू उपाशी होतीस. अंधारी येण्याचं कारण इथे असू शकतं. गोळी मनाने बंद करू नकोस आणि मिठाचं सरबतही मनाने सुरू करू नकोस. आजच फार्मसिस्टला फोन कर, नाहीतर ८११ लाव, ओंटारियोत रात्रीही नर्स बोलते.

सह्याद्री_भटका: बीपीचं माहीत नव्हतं. मिठाचं सांगितलं ते मागे घेतो. पिऊ नकोस.

रेवती_टोरांटो: फार्मसिस्टशी बोलले. आधी डॉक्टरांना दाखवा, तोवर गरम खोली नको म्हणाला. सोमवारची वेळ मिळाली. शनिवार हुकला याचं फार वाईट वाटतंय. बाकीचे क्लास साध्या तापमानाच्या बॅचला वापरता येतील असं स्टुडिओने कळवलंय.

नंदिनी_नर्स: डॉक्टर हो म्हणाले तरी दाराजवळची जागा धर. मळमळ, डोकेदुखी, गरगर यातलं काहीही वाटलं की आसन सोडून बाहेर गारव्यात आडवं व्हायचं, शिक्षक आतच थांब म्हणाले तरी. शुद्ध हरपली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर सोबतच्यांनी लगेच ९११ हा आणीबाणीचा नंबर लावायचा. मैत्रिणींना आत्ताच सांगून ठेव.

माधवकाका: साध्या बॅचला खुर्ची मिळते का विचार. बीपी असणाऱ्यांना पुढे वाकताना कपाळ टेकवायला फार बरी पडते.