मदत हवी आहे: गुडघ्याचा लॅटरल (बाजूने घेतलेला) एक्स-रे जमत नाहीये

रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. छातीचा एक्स-रे आता हातात बसलाय, पण गुडघ्याचा लॅटरल काही केल्या नीट येत नाही. गुडघा 20 ते 30 अंश वाकवते, ट्यूब डोक्याच्या दिशेला 5 ते 7 अंश कलवते, तरी मांडीच्या हाडाचे दोन्ही कॉन्डाइल (खालच्या टोकाचे गोलसर भाग) इमेजमध्ये एकावर एक बसत नाहीत. काल एका आजींचा एक्स-रे दोनदा काढावा लागला. माझ्या चुकीपायी त्यांना जास्तीचं रेडिएशन, फार लागलं मनाला.

पाय फिरलाय की ट्यूबचा कोन चुकलाय, हे इमेज बघून कसं ओळखता? ॲडक्टर ट्यूबरकल (हाडावरचा छोटा उंचवटा) मिडियल, म्हणजे आतल्या कॉन्डाइलच्या बाजूला असतो हे पाठ आहे, पण घाईत तो दिसेल तर शपथ! सीनियर नुसतं "सवयीने जमेल" म्हणतात. तोवर पेशंटनी काय करायचं?